आत्याबाईच्या मिशा आणि मारुतचं इंजिन

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं' असं म्हणून आपण मराठी माणसं जर-तरच्या प्रश्नांची बोळवण करतो. त्यात शहाणपण आहेच. झालं ते झालं, आता त्यावर वेळ कशाला घालवायचा? पण जगात काही माणसं अशीही आहेत, जी आत्याबाईला खरोखरच मिशा लावून बघतात आणि त्या किती लांब असाव्यात, हे फूटपट्टीनं मोजतात. मी त्यांच्यापैकी एक. तसा मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण संध्याकाळी दिव्याखाली बसून प्लास्टिकची विमानं जोडण्याचा छंद मला आहे. त्यातही मला विशेष आवडतं ते दोन-तीन वेगवेगळ्या किटचे भाग एकत्र करून, जगात कधीच न झालेलं जेट विमान घडवणं. या छंदाला इंग्रजीत 'व्हॉट-इफ' म्हणतात. आपण 'जर-तरची विमानं' म्हणू.

आधी किट म्हणजे काय ते सांगतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे त्यांना विमानाचे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीनं १९५३ साली स्पिटफायर विमानाचं किट काढलं आणि हा छंद घराघरांत गेला. विमानांसाठी सर्वांत रुळलेलं प्रमाण आहे १:७२. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट हे मॉडेलमध्ये एक इंच होतात. हे प्रमाण ठरलेलं असल्यामुळेच किटांची सरमिसळ करता येते. एका कंपनीच्या किटमधली टाकी दुसऱ्या कंपनीच्या पंखाखाली बसते, कारण दोघांची पट्टी एकच.

ही सरमिसळ काही आजची नाही. १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातली अंतराळयानं बनवणाऱ्या कारागिरांनी बाजारातली रणगाड्यांची आणि विमानांची किटं ढिगानं विकत घेतली आणि त्यांचे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. पडद्यावर आपल्याला जे अद्भुत यंत्र वाटलं, त्यात कुठे रणगाड्याचं चाक होतं, कुठे इंजिनाचं झाकण. आमच्या मिरजेतले सतारमेकर भोपळा आणि लाकूड या दोन अगदी निराळ्या वस्तू जोडून एक वाद्य करतात. सांधा नीट बसला की ऐकणाऱ्याला ना भोपळा आठवतो, ना लाकूड. आमचं काम त्याच जातीचं, फक्त त्यातून सूर निघत नाही.

जर-तरच्या विमानांत दोन-तीन जाती आहेत. पहिली, विमान तयार झालं पण रद्द झालं. ब्रिटनचं टीएसआर-२ हे बॉम्बफेकी विमान २७ सप्टेंबर १९६४ रोजी उडालं आणि ६ एप्रिल १९६५ रोजी सरकारनं तो प्रकल्पच गुंडाळला. कॅनडाचं ॲव्हरो ॲरो तर २० फेब्रुवारी १९५९ रोजी रद्द झालं आणि तयार विमानं कापून भंगारात काढली गेली. तिथले छंदिष्ट आजही ही विमानं हवाई दलाच्या रंगांत रंगवतात, जणू ती वर्षानुवर्षं सेवेत होती. दुसरी जात केवळ तर्काची. १९८६ साली टेस्टर्स या अमेरिकन कंपनीनं 'एफ-१९' नावाचं किट काढलं. अमेरिका रडारला न दिसणारं विमान गुपचूप बनवते आहे, एवढीच कुणकुण लोकांना होती. कंपनीच्या माणसांनी तर्कानं त्याला गोलाकार, माशासारखं रूप दिलं. किट तुफान खपलं, त्याची चर्चा अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोचली. पुढे नोव्हेंबर १९८८मध्ये खरं विमान जाहीर झालं, तेव्हा त्याचं नाव एफ-११७ निघालं आणि रूप निघालं पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं, सपाट तुकड्यांचं. तर्क साफ चुकला होता, पण तेवढ्या दोन वर्षांत हजारो लोकांनी 'विमान रडारला कसं चुकवत असेल' यावर डोकं चालवलं.

तिसरी जात मला सर्वांत जवळची. विमान खरंच झालं, सेवेतही आलं, पण त्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. आपल्या देशात याचं ठळक उदाहरण म्हणजे एचएफ-२४ मारुत.

मारुत म्हणजे वारा. आजच्या मुलांना मारुती म्हटलं की मोटार आठवते, पण मारुत हे भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० या गाजलेल्या विमानाचे जर्मन रचनाकार कुर्ट टांक १९५६ साली बंगळुरूला आले. हिंदुस्तान एअरक्राफ्टमधल्या भारतीय अभियंत्यांना हाताशी घेऊन त्यांनी काम सुरू केलं. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर करून १९५९ साली ते उडवून पाहिलं आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास या वैमानिकानं पहिलं मारुत आकाशात नेलं. कामाला हात घातल्यापासून पाच वर्षांत उड्डाण, ही गोष्ट लहान नव्हती.

विमानाचं अंग देखणं होतं. मध्ये कंबरेत बारीक, मागे झुकलेले पंख, नाक टोकदार. कंबर बारीक ठेवली ती शोभेसाठी नव्हे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकाएकी वाढतो. पंख जिथे सुरू होतात तिथे धड आवळलं, तर तो कमी होतो. म्हणजे हे अंग ध्वनीच्या बरंच पुढे जाण्यासाठी घडवलेलं होतं. अडलं ते इंजिनापाशी. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचं 'ऑर्फियस-१२' हे इंजिन त्यात बसणार होतं. आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे गरम वायूच्या झोतात पुन्हा इंधन जाळल्यावर, त्याचा रेटा आठ हजार पौंडांच्या वर जायचा होता. पण त्या इंजिनाच्या विकासाचं काम थांबलं. पुढचा खर्च भारतानं उचलावा का, असा प्रश्न आला आणि तो उचलला गेला नाही. मग लहानग्या नॅट विमानात असतं त्याच जातीचं 'ऑर्फियस-७०३' मारुतमध्ये बसवलं गेलं, आफ्टरबर्नर नसलेलं. एकेका इंजिनाचा रेटा ४,८५० पौंड. दोन्ही मिळून ९,७००. भरलेल्या विमानाचं वजन सुमारे नऊ टन, म्हणजे वजनाच्या निम्म्याइतकाही रेटा नाही. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत संसार कायमचा थाटावा, तसं ते तात्पुरतं इंजिन मारुतच्या पोटात कायमचं राहिलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न पाहिलेलं विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडलं.

पर्याय शोधले गेले नाहीत असं नाही. सोव्हिएत इंजिनाचा विचार झाला. इजिप्तमध्ये तयार होणाऱ्या ई-३०० इंजिनासाठी एक मारुत तिकडे पाठवलं गेलं. त्याच काळात इजिप्तच्या एचए-३०० या विमानाचं पहिलं उड्डाण ७ मार्च १९६४ रोजी कपिल भार्गव या भारतीय वैमानिकानं केलं, हे आज फारसं कुणाला माहीत नाही. पण इजिप्तचा तो सगळा प्रकल्पच १९६९ साली बंद झाला. बंगळुरूच्या आपल्या संशोधन संस्थेनं ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून पाहिला. तशा एका मारुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी विमान कोसळलं आणि ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. पहिलं मारुत उडवणारा माणूस, त्याला जास्त ताकद देता येते का ते पाहताना गेला. बंगळुरूत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

तरीही १४७ मारुत बनली. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर १० आणि २२० या स्क्वाड्रननी ती वापरली. एक इंजिन निकामी झालेलं असताना दुसऱ्यावर तळावर परतल्याच्याही नोंदी आहेत. १९९०च्या सुमारास ती निवृत्त झाली. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत ठेवलेलं आहे. मुलांना घेऊन गेलात तर जरूर पाहा, आणि मागच्या बाजूला जाऊन त्या दोन इंजिनांच्या तोंडांकडे निरखून बघा.

आता माझ्या 'जर'कडे येतो. १९७८ साली भारतानं जग्वार विमान घ्यायचं ठरवलं आणि १९७९पासून ती येऊ लागली. जग्वारमध्येही इंजिनं दोनच, शेजारी-शेजारी. त्या इंजिनाचं नाव 'अडूर'. आफ्टरबर्नरसह एकेकाचा रेटा सुमारे आठ हजार पौंड. म्हणजे मारुतला जेवढा रेटा देण्याचं ठरलं होतं, साधारण तेवढाच. पुढे ही इंजिनं बंगळुरूतच परवान्यानं बनू लागली, आणि त्या वेळी मारुत अजून सेवेत होतं. भुकेला आणि भाकरी एकाच गावात होते, पण वेगवेगळ्या घरांत. जर १९८०च्या दशकात काही मारुतांमध्ये अडूर बसवलं असतं, तर ते विमान कसं दिसलं असतं?

या छंदाचा खरा नियम इथे सुरू होतो. गझल लिहिणाऱ्यांना तो चटकन पटेल. मतल्यात काफिया आणि रदीफ तुम्ही मर्जीनं निवडता. पण एकदा जमीन ठरली की शेवटच्या शेरापर्यंत तुम्ही तिचे बांधील. कितीही सुंदर शब्द सुचला, तरी तो वजनात बसत नसेल तर बाहेर. जर-तरच्या विमानातही एकच खोटी गोष्ट धरायची. त्यानंतरचं सगळं खऱ्याच्या हिशेबानं चालायला हवं.

हिशेब असा. मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा पसारा ९ मीटर. १:७२नं भागलं की मॉडेल २२० मिलिमीटर लांब आणि १२५ मिलिमीटर रुंद. जग्वारची लांबी १६.८३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २३४ मिलिमीटर. अडूर इंजिन ऑर्फियसपेक्षा अंगानं बारीक आहे, त्यामुळे मारुतच्या पोटात ते रुंदीला मावेल. पण आफ्टरबर्नरच्या नळीसकट ते लांबीला बरंच जास्त. म्हणून मी मारुतची शेपटीकडची बाजू मॉडेलमध्ये ८ मिलिमीटर वाढवायचं ठरवलं. खऱ्या विमानात हे सुमारे ५८ सेंटिमीटर झाले.

शेपटीकडे लांबी आणि वजन वाढलं की तोल मागे जातो. खरं विमान असं उडवताच येणार नाही. मग पुढे काहीतरी वजनदार हवं. जग्वारच्या पटाशीसारख्या नाकात लक्ष्याचं अंतर मोजणारं लेसर यंत्र असतं. ते नाक मारुतला लावलं तर तोलही सावरतो आणि जमिनीवर हल्ला करणाऱ्या विमानाला नजरही येते. इंजिन बदललं म्हणून नाक बदललं, अशी एकातून दुसरी गोष्ट निघते. गंमत अशी की मॉडेललाही हाच नियम लागू. शेपटी जड झाली की मॉडेल मागच्या मागे बसतं. म्हणून नाकात मासेमारीच्या गळाला लावतात तसले शिशाचे मणी भरले.

नव्या इंजिनाला हवाही जास्त लागणार. जग्वारच्या हवा घेण्याच्या तोंडांमागे, बाजूला छोटी दारं असतात. उड्डाणाच्या वेळी ती आत उघडतात आणि जादा हवा घेतात. मारुतच्या दोन्ही बाजूंना मी सुईनं तशी दारं कोरली. जग्वारच्या किटमधली आणखी एक गोष्ट मला खुणावत होती, ती म्हणजे त्याची जोडचाकं. खडबडीत धावपट्टीसाठी केलेली, दणकट आणि देखणी. पण मारुतच्या एकेरी चाकाच्या कप्प्यात ती मावणार नाहीत. मग ती बाजूला ठेवली. वजनात न बसणारा शब्द, दुसरं काय!

प्रत्यक्ष काम कसं करायचं, तेही सांगतो. कुणा मुलाला करून पाहायचं असेल. मारुतचा संच एका छोट्या उत्पादकाचा, रेझिनचा. जग्वार मात्र एअरफिक्स, हासेगावा अशा मोठ्या कंपन्यांनी काढलेलं, नेहमीच्या प्लास्टिकचं. किटचा गोंद प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो, पण रेझिनवर त्याचा काही उपयोग होत नाही. तिथे फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद लागतो. आणि वजन पेलणाऱ्या सांध्यात नुसत्या गोंदावर भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून तारेचा तुकडा आत घालायचा, सुतार खुंटी मारतो तसा.

कापण्यापूर्वी मोजायचं, मोजून झालं की कागदी पट्टी गुंडाळून रेघ आखायची, आणि मगच बारीक दातांच्या करवतीनं हळूहळू कापायचं. दोन भाग गोंदाशिवाय जोडून डोळ्यांसमोर धरायचे. वरून, बाजूनं, मागून पाहायचं. फट राहिली तर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यानं भरायची. जग्वारची इंजिनांची तोंडं आणि मारुतचं धड यांच्या आकारांत फरक आहे. तो उतार मी एम-सीलनं घडवला. घट्ट झाल्यावर गॅरेजवाले मोटारीच्या पत्र्यावर भरतात तशी लांबी भरली आणि पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं घासली. रेझिन कोरडं घासायचं नाही, त्याची धूळ छातीला वाईट. पाणी वापरायचं आणि नाकाला रुमाल किंवा मास्क बांधायचा. मग करड्या प्रायमरचा हात द्यायचा. प्रायमर सांध्याचा प्रत्येक दोष दाखवतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. आमच्या घरी तोवर तीनदा विचारून झालं होतं, 'अहो, ते विमान झिजून संपेल ना?'

रंग जग्वारसारखा दिला, वरून गडद हिरवा आणि करडा. पंखांखालच्या जादा टाक्या हंटरच्या किटमधून आल्या आणि भारतीय हवाई दलाची तिरंगी वर्तुळं मिग-२१च्या किटमधल्या उरलेल्या डीकलवरून. पाण्यात भिजवलं की कागदावरून ही चित्रं सुटतात आणि अलगद सरकवून बसवायची. म्हणजे चार किटांचं देणं या एका विमानात आलं.

शेपटीवर क्रमांक लिहायची वेळ आली, तेव्हा मी दोन गोष्टी पाळल्या. कुठल्याही खऱ्या मारुतचा क्रमांक घेतला नाही, कारण त्या क्रमांकामागे खरी माणसं होती. आणि खालच्या फळीवर स्वच्छ अक्षरांत पाटी लावली: 'असं विमान झालं नाही.' ही पाटी मी फार महत्त्वाची मानतो. हल्ली खोट्या चित्रांचा सुकाळ आहे. यंत्राला सांगितलं की ते क्षणात हवं तसं विमान हवं त्या रंगात काढून देतं, आणि लोक ते खरं म्हणून पुढे पाठवतात. कल्पना करायला कुणाची ना नाही. पण ती कल्पना आहे हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यातून मिळालं काय? टेबलावरचं वीतभर विमान, जे ना उडतं ना विकलं जातं. मला मिळालं ते असं. मारुत पडलं ते रचनेमुळे, असं मी पूर्वी ऐकत आलो होतो. प्रत्येक भाग हातात घेऊन, त्याचं माप काढून, तो का आणि कसा बसतो हे पाहिल्यावर लक्षात आलं की अंगात दोष फारसा नव्हता. विमान, इंजिन आणि पैसा या तिघांची वेळ जुळली नाही. इंजिन बनवायला विमानाहून जास्त वर्षं लागतात आणि जास्त धीर लागतो, हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. ८ मिलिमीटरची शेपटी तीन संध्याकाळ घासल्यावर ते विसरता येत नाही.

आणखी एक. जर-तर हा पश्चात्तापाचा खेळ आहे असं लोकांना वाटतं. तो तसा खेळला तर माणूस कडवट होतो, 'आपल्याकडे काही होतच नाही' म्हणू लागतो. पण फूटपट्टी घेऊन खेळला तर उलटं होतं. ज्यांनी कमी ताकदीच्या इंजिनावर ती विमानं उडवली, सांभाळली, युद्धात नेली, त्यांच्याविषयी आदर वाढतो. जे झालं नाही ते घडवू पाहताना, जे झालं त्याची किंमत कळते.

घरात मुलं असतील तर त्यांना एखादं साधं किट आणून द्या. पहिलं विमान खोक्यावरच्या चित्रासारखंच करू द्या. दुसऱ्या वेळी ते मूल विचारेल, 'याला दुसऱ्याचे पंख लावले तर?' त्याला आत्याबाईची म्हण ऐकवू नका. एक फूटपट्टी द्या आणि म्हणा, 'लाव. पण बसतात का ते आधी मोज.'